'मी इथंच होते ना, सिस्टर!'

मुलांच्या वॉर्डात पोर कॉटवरून पडतं, तेव्हा आईबाप बहुधा हाताच्या अंतरावरच असतात. ऐकणाऱ्याला हे पटत नाही, पण देशोदेशींच्या रुग्णालयांतल्या नोंदी हेच सांगतात आणि बालरोग विभागात परिचारिका म्हणून मीही तेच पाहत आले. आई डबा उघडायला वळते, बाप गावाकडच्या फोनवर असतो, तेवढ्यात धप्पकन आवाज येतो. मग आईचं पहिलं वाक्य ठरलेलं : "मी इथंच होते ना, सिस्टर!"

पडण्याचा धोका मोजायला अनेक ठिकाणी 'हम्प्टी डम्प्टी' नावाचा तक्ता भरतात. तो मायामीच्या बाल रुग्णालयात तयार झाला. (भिंतीवरून पडून फुटलेल्या अंड्याचं हे नाव आयांना सांगायचं धाडस मी करत नाही.) वय, मुलगा की मुलगी, आजार, समज, कॉट व आसपासची परिस्थिती, शस्त्रक्रिया किंवा भूल, औषधं अशा सात गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज ७ ते २३ मध्ये येते. १२ झाली की धोका जास्त. तीन वर्षांखालच्या मुलाला नुसत्या वयाचेच ४ गुण. त्यामुळे दोन वर्षांचं पोर जवळपास नेहमीच 'जास्त धोका' गटात जातं आणि सगळ्याच कॉटना तीच धोक्याची खूण लागली की तिच्याकडे कुणी बघत नाही. शिवाय या तक्त्यात आईसाठी रकानाच नाही.

आयांशी निवांत बोललं की वेगळंच कळतं. खेड्यातून आलेल्या कित्येक घरांत पोरं सतरंजीवर निजतात, तान्हं झोळीत. कमरेइतक्या उंच कॉटवर ते पोर आयुष्यात पहिल्यांदाच झोपलेलं असतं. रेक्झिनच्या गादीवर घरची चादर सरकते, हेही आईला इथंच कळतं. "घरी दहादा पडतो, काही होत नाही," असं ती म्हणते ते खरंच असतं. पण ते पडणं वीतभर उंचीचं, शेणानं सारवलेल्या जमिनीवरचं. इथं खाली फरशी, आणि लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड, त्यामुळे तेच आधी आपटतं.

कॉटचा कठडा वर करा म्हटलं की काहींना तो अविश्वास वाटतो. पोर कठड्याआड रडतं, अंगावर पाजताना तो आडवा येतो, म्हणून खाली केला जातो आणि तसाच राहतो. पहाटे पाजता पाजता आईचाच डोळा लागतो. मेंदूच्या ईईजी तपासणीआधी गुंगीचं सिरप दिलेलं पोर डोळे उघडून हसलं की तिला वाटतं, उतरलं औषध. पाय अजून लटपटत असतात, हे कुणी सांगितल्याशिवाय तिला कसं कळणार? सलाईनच्या स्टँडच्या पायावर उभं राहून गाडी गाडी खेळणारी मोठी पोरं हा आणखी निराळा प्रकार. तिथं बापच कधी कधी ढकलत असतात!

काही आया पडल्याचं लपवतात. ओरडा खावा लागेल, सासरी बोल लागतील, ही भीती. सकाळच्या अंघोळीच्या वेळी टेंगूळ दिसतं तेव्हा आम्हाला कळतं, तोवर उलटी आणि गुंगीवर लक्ष ठेवायचे मोलाचे तास निघून गेलेले असतात. म्हणून दाखल करतानाच मी सांगते, "ताई, पडलं तर आधी मला सांगा, रागावणार नाही." आमच्या नोंदवहीतही 'आईचा निष्काळजीपणा' हे कारण मी लिहू देत नाही.

कारण, काय केलं तर पोर पडणार नाही, असं आयांना विचारलं तर कठड्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एका आजींनी गादी जमिनीवर घाला म्हटलं. जंतुसंसर्गामुळे ते जमत नाही, पण बुटक्या कॉट मागायला काय हरकत आहे? बहुतेक आया मागतात ती पाच मिनिटं. रात्री एकाच नातेवाइकाला पास मिळतो, वॉर्डात सगळ्या बायका म्हणून बापाला थांबता येत नाही. मग तिनं संडासला जाताना, मेडिकलमधून औषध आणताना पोर कुणाच्या हवाली करायचं? शेजारच्या कॉटवरची बाई असते, पण तिचंही पोर तापानं फणफणलेलं. रात्रपाळीला एक जादा मावशी द्या, असा अर्ज मी दरवर्षी करते. मनुष्यबळाच्या फाइलीत तो लागतो, आणि वॉर्डाला नवा फलक मिळतो : 'आपल्या मुलाकडे लक्ष ठेवा.'