अर्ध्या तासाची शिल्लक

चामोर्शीच्या माणसाला पाण्याचे अप्रूप नाही. गावाजवळच मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. पुढे चपराळ्यापाशी ती वर्धा नदीला मिळते आणि प्राणहिता हे नाव धारण करते. पावसाळ्यात पूर चढला की रस्ते बंद होतात आणि पाणी ओसरेपर्यंत दुकानात नुसते बसून राहावे लागते. परंतु ज्या पाण्याला दुसरा काठच नाही, असे पाणी आमच्या आई-बाबूजींनी सत्तरी गाठेपर्यंत पाहिले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात हंगामाची गर्दी ओसरल्यावर आम्ही त्यांना मुंबईहून निघणाऱ्या पाच रात्रींच्या जलप्रवासास नेले. बेचाळीस वर्षांत बाबूजींनी सलग सहा दिवस दुकानापासून दूर राहण्याची ही पहिलीच वेळ. कोचीला जहाज थांबले तेव्हा मट्टणचेरीच्या श्री धर्मनाथ जिनालयात दर्शन घडले. लक्षद्वीपात लहान बोटीने प्रवाळाच्या बेटावर जाऊन आलो. मात्र या प्रवासातील जो दिवस आमच्या घरात अजून आठवला जातो, त्या दिवशी पाहण्यासारखे काहीच नव्हते. तो परतीचा, अखेरचा पूर्ण दिवस. चारी दिशांना केवळ समुद्र.

सकाळी बाबूजींनी विचारले, “आज उतरायचे कुठे?”

“कुठेच नाही. आज दिवसभर पाणीच.”

हे उत्तर त्यांना पटले नाही. रिकामा दिवस म्हणजे खात्यावर न चढलेली रक्कम, असा त्यांचा हिशेब. फोनला रेंज नव्हती, त्यामुळे दुकानाचे भाव कळेनात. मग त्यांनी जहाजाचाच हिशेब मांडला. एका कर्मचाऱ्याकडून कळले की वेग साधारण १५ नॉट आहे. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. लक्षद्वीप ते मुंबई अंतर सुमारे ९०० किलोमीटर. बोटांवर गणित करून ते म्हणाले, “बत्तीस तास. म्हणजे आपला ट्रक याच्या दुप्पट वेगाने जातो!” हजारो माणसांचे धान्य, भाजी, दूध एकदाच भरून घेऊन इतके दिवस पुरवणाऱ्या कोठाराविषयी मात्र त्यांना मनापासून आदर वाटला.

आईने डेकच्या एका शांत कोपऱ्यात आसन घातले आणि सामायिक घेतले. अठ्ठेचाळीस मिनिटे ती स्थिर बसली होती. बाबूजी दोनदा तिच्या जवळून गेले आणि तिसऱ्यांदा शेजारच्या खुर्चीत बसले. दुपारपर्यंत ते तेथून उठले नाहीत. वाऱ्याने वर्तमानपत्राचे पान उडाले, तेही त्यांनी पकडले नाही.

“आपल्या वैनगंगेचे पाणी इथे येत असेल का?” त्यांनी मध्येच विचारले.

“नाही. प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. हा पश्चिमेचा समुद्र.”

“म्हणजे आपण नदीच्या उलट बाजूला आलो,” असे म्हणून ते बराच वेळ गप्प राहिले.

जैन भोजनाची सूचना आम्ही आधीच दिली होती, म्हणून कांदा, लसूण, बटाटा यांची चिंता नव्हती. चौविहारासाठी आई नेहमीप्रमाणे पाच वाजताच उठली. मी तिला थांबवले. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. चामोर्शी सुमारे ८० अंश पूर्व रेखांशावर, तर आमचे जहाज ७३ अंशांच्या आसपास. घड्याळ तेच, परंतु सूर्य येथे जवळजवळ २८ मिनिटे उशिरा मावळणार. त्या दिवशी अर्धा तास आम्हाला जादा मिळाला होता.

ताटे आली. आई म्हणाली, “अहो, आज घाई नाही. सावकाश जेवा.”

बाबूजींचा हात थांबला. हिवाळ्यात आमच्याकडे साडेपाच-पावणेसहालाच सूर्य मावळतो आणि नेमकी तीच दुकानाच्या गर्दीची वेळ. खेड्यांवरची गिऱ्हाइके शेवटची बस गाठण्यासाठी माल बांधून मागतात. कित्येकदा बाबूजी घरी पोहोचेपर्यंत दिवस मावळलेला असे. ते न जेवता, पाणीही न घेता झोपत. त्याची त्यांनी कधी तक्रार केली नाही. उलट व्रत मोडले नाही याचे समाधान असे.

“मला उशीर झाला तरी तू जेवून घेत होतीस ना?” त्यांनी विचारले.

आईने उत्तर दिले नाही. त्यांच्या ताटात थोडा भात वाढला.

उत्तर मला ठाऊक होते. मावळतीनंतर घरात अन्न झाकून ठेवत नसत. लहानपणी अशा संध्याकाळी ते गायीला घालण्याचे काम माझ्याकडे असे आणि ते नेहमी दोघांच्या वाट्याचे असे. मी ते कधी कोणाला सांगितले नाही. पुढे मीही दुकानात बसू लागलो, तरी त्यांना कधी लवकर घरी पाठवले नाही.

बाबूजी सावकाश जेवले. सूर्य पाण्याला टेकण्यापूर्वी दोघांनी पाणी घेतले आणि पच्चक्खाण केले. नंतर अंधार पडेपर्यंत ते रेलिंगपाशी उभे होते. “हे देणे आता फिटणारे नाही,” बाबूजी म्हणाले. “फेडायचे कोणी सांगितले?” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईचे दिवे दिसले. फोनला रेंज आली आणि बाबूजींनी पहिला फोन दुकानावर केला, तो भाव विचारण्यासाठीच. स्वभाव काही पाच रात्रींत बदलत नाही.

मात्र चामोर्शीला परतल्यापासून एक गोष्ट बदलली आहे. पंचांगातील सूर्यास्ताची वेळ पाहून त्याच्या एक तास आधी बाबूजी गल्ल्याची किल्ली माझ्या हाती देतात. बाहेर गिऱ्हाइके उभी असतात, काटा चालू असतो. तरी ते चपला घालतात आणि घरी जेवायला जातात.