कोकोरोचा दुसरा फटकारा

यंदा उजवा अंगठा थरथरायला लागला आणि सगळ्यात आधी माझा ‘कोकोरो’ बिघडला.

मनाचं हे कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षर. तीन ठिपके, एक आडवा पडलेला गळ, फटकारे चारच. जपानी मुलं ते दुसरीत शिकतात. घोटाळा दुसऱ्या फटकाऱ्याचा. डावीकडून नाजूक निघून तो खाली झुकतो, जाडावत आडवा होतो, क्षणभर थांबतो आणि टोक वर, आतल्या बाजूला उडतं. थांबा कमी पडला तर नुसता उकार. जास्त झाला तर शाईचा डाग. अंगठा थरथरतो तो नेमका त्या थांब्यावर.

आपला हात शिरोरेषेच्या आधाराने वाढलेला. अक्षर डगमगलं तरी वरची रेघ त्याला सावरून घेते. इथे रिकामा चौकोन, धरायला काही नाही. त्यात ‘विसरणे’च्या कांजीत हाच कोकोरो तळाशी चपटा, रुंद बसवावा लागतो. कामाच्या गडबडीच्या कांजीत मात्र तो डावीकडे उभा राहतो आणि गळच गायब होतो. हल्ली जपानीच्या वर्गात फळ्यावर मी उदाहरणाला तेच घेतो.

नवे क्लासवाले विचारतात, हाताने लिहायचंच कशाला? जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत सगळे बहुपर्यायी प्रश्न. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत एकही कांजी न लिहिता पोचता येतं. २०१० साली जपानने नित्यवापराची यादी २,१३६ कांजींची केली, तेव्हा सगळी हाताने आलीच पाहिजेत असं नाही, हे तिथेही मान्य झालं. ‘खिन्नते’चं २९ फटकाऱ्यांचं कांजी त्याच यादीत आलं, तेव्हा ती सवलत समजू शकतो. पण चार फटकाऱ्यांना कसली सवलत?

कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिराला जपानी पाहुणे येतात. दुभाषा म्हणून गेलो की कुणाच्या तरी वहीत मी कोकोरो काढून द्यायचो. हृदयसूत्र कुंचल्याने उतरवून काढणारी ही माणसं; सूत्राच्या नावातच हे कांजी. त्यांनी वाहवा केली की मान हलवून नाही म्हणायचो आणि घरी येऊन बायकोला शब्द न् शब्द ऐकवायचो.

परवा इंदोऱ्याची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, अंगठ्यावर जोर नका देऊ, खांद्यातून काढून बघा ना.” काढलं. थांबा सापडला, पण फटकारा तिच्या वळणाचा उतरला. पाहुण्यांना तो फरक कळायचा नाही. मला कळतो. म्हणून वर्ग सुटल्यावर, कडी लावून, तिचाच कित्ता गिरवतो. तिला अजून सांगितलेलं नाही.