डावी बाजू

बाला लकवा मारला त्याला वरीस झालं. मेंदूच्या उजव्या अंगाची रक्तवाहिनी तुंबली. डोळे शाबूत, पण डावीकडचं जग बाच्या लेखी नाहीच. उजवीकडची भाकर संपवतो, डावीकडचं कोरड्यास तसंच. वर आयला म्हणतो, "एवढंच वाढलंस?" दाढी अर्धीच करतो. चालताना डावीकडं कलतो, चौकटीवर आदळतो. वस्तीत म्हणतात, म्हातारा सोंग करतो.

दोस्तहो, हे सोंग नव्हे. १९७८ साली इटलीतल्या मिलानच्या अशा दोन रोग्यांबद्दल बिझियाक आणि लुत्सात्ती यांनी लिहिलं. कॅथेड्रलसमोरचा ओळखीचा चौक त्यांना नुसता मनात आणायला सांगितला. कॅथेड्रलकडं तोंड केलंय असं धरून त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. कॅथेड्रलला पाठ केलीय असं धरल्यावर मघाशी गाळलेल्या सांगितल्या. म्हणजे ठाऊक सगळं होतं. लक्ष तिकडं जात नव्हतं.

म्हणून ताटाच्या डाव्या काठाला लाल पट्टी लावलीय. "बा, लाल दिसेस्तोवर मान फिरव." चालताना मी त्याच्या डाव्या अंगाला. एकदा सांगून भागत नाही. घासागणिक सांगावं लागतं. बा कावतो, शिव्या घालतो. पण मान वळवतो, आणि कोरड्यास सापडतं.