आमच्या घरातला समुद्र

“आमच्या घरात समुद्र आहे,” असं मी वर्गात सांगितलं तेव्हा सगळे फिदीफिदी हसले. हसणारच! आमचं नाशिक कुठे आणि समुद्र कुठे! मधे शंभराहून जास्त किलोमीटर आणि अख्खा सह्याद्री. पण मित्रांनो, खरंच आहे. आमच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी, १२० लिटरचा समुद्र आहे!

याचं मूळ बाबांच्या लहानपणात आहे. सुट्टीत ते मुंबईला गेले की मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात जायचा हट्ट धरायचे. ते मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं होतं. काचेमागचे ते रंगीत मासे बाबांच्या डोक्यात जे शिरले ते शिरलेच. गेल्या वर्षी त्यांनी टाकी आणली. तिच्यात दोन नारिंगी-पांढरे क्लाउन मासे, केशर आणि वेलची, आणि एक निळाशार डॅमसेल. त्याचं नाव मी ठेवलं शाई. प्रवाळ मात्र आणले नाहीत. २००१ सालापासून आपल्याकडे प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वाघासारखंच कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून आमच्या टाकीत साधे दगड आणि वाळू.

पाणी आम्हीच ‘खारवतो’. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ. आजीने विचारलं, “डब्यातलं मीठ नाही का चालत?” नाही चालत. समुद्रात नुसतं मीठ नसतं, मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं. ते सगळं घातलेलं मीठ दुकानात वेगळं मिळतं.

पहिले चार महिने मजेत गेले. मग शाई रुसला. दगडामागे जाऊन बसला. खायला टाकलं तरी बाहेर येईना. काचेवर तपकिरी-हिरवा थर धरायला लागला. आज पुसला की परवा पुन्हा हजर! पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ.

“पाणी तर स्वच्छ दिसतंय,” मी म्हणाले.

“दिसतंय,” बाबा म्हणाले. “आहे का, ते बघू या.”

त्यांनी पाणी तपासायची एक पेटी आणली. काचेच्या नळीत टाकीचं थोडं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब मोजून टाकायचे, जोरजोरात हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळा रंग आला तर ठीक. नारिंगी आला तर सावध. आमची नळी लालभडक! पेटीतल्या रंगांच्या पट्टीवर तो रंग ८० च्या घरात बसत होता. म्हणजे एका लिटरमध्ये ८० मिलिग्रॅम नायट्रेट. घरच्या टाकीत माशांसाठी ते वीसच्या आसपास किंवा त्याहून कमी असावं, असं बाबांच्या पुस्तकात होतं.

हे नायट्रेट येतं कुठून? त्याची गंमत अशी. मासे श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. तो जहाल विषारी. पण टाकीतल्या वाळूवर, दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर अब्जावधी जिवाणू राहतात. त्यांची एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषारीच. दुसरी टोळी नायट्राइटचं नायट्रेट करते. ते बरंच सौम्य, पण साचत जातं. घरोघरचा कचरा गोळा झाला, पण घंटागाडीच आली नाही, तसं! समुद्रात ही घंटागाडी असते. काही शैवालं नायट्रेट खातात. तळाच्या गाळात जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथले जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. शिवाय समुद्र केवढा मोठा! आमचा समुद्र १२० लिटरचा.

बाबांनी मला विचारलं, “दिवसातून किती वेळा खायला घालतेस?”

“दोनदाच.”

“मी रात्री एकदा घालतो,” बाबा म्हणाले.

तेवढ्यात देवघरातून आजीचा आवाज आला, “पूजा झाली की मीही चिमूटभर घालते हो. बिचारे तोंड वासून बघत असतात!”

झालं! तीन मासे आणि दिवसातून चार जेवणं! आमच्या प्रेमानेच पाणी बिघडवलं होतं.

त्या दिवसापासून नियम ठरला. खाणं दिवसातून एकदाच आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच. वाळूत अडकलेली घाण दर रविवारी नळीने ओढून काढायची. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळायचा, नळाखाली नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर आपले कामकरी जिवाणूच मरायचे! आणि दर रविवारी ३० लिटर पाणी बदलायचं.

मी वहीत हिशेब मांडला. १२० पैकी ३० लिटर म्हणजे चौथा भाग. दर वेळी नायट्रेटचाही चौथा भाग जाणार. ८० चे ६०, ६० चे ४५, मग ३४, मग २५. चार रविवारांत काम फत्ते! “एकदम सगळं पाणी का नाही बदलायचं?” असंही मी विचारलं होतं. पण एवढा मोठा बदल एकाएकी झाला तर मासे दचकतात, आजारी पडतात. म्हणून सावकाश.

चार रविवार झाले. मी ऐटीत नळी हलवली, पाच मिनिटं मोजली आणि बघते तर काय, नळी तशीच लाल!

मला रडूच आलं. आता खाणं कमी, साफसफाई वेळेवर, मग चुकलं कुठे? आमचा हिशेब बघून आजोबा म्हणाले, “विहिरीतलं गढूळ पाणी उपसून पुन्हा गढूळच ओतलंस, तर नितळ कसं होईल?”

माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. आम्ही मीठ मिसळत होतो ते पाणी कुठलं? सोसायटीच्या बोअरचं! मी ते पाणी नळीत घेतलं. गोड्या पाण्यासाठीची पट्टी वेगळी असते, ती काढली. थेंब टाकले. नळी लाल. ४० आणि ८० च्या मधला रंग.

म्हणजे मी नायट्रेट काढून त्याच्या जागी नायट्रेटच ओतत होते! बोअरमध्ये जेवढं होतं, त्याच्या खाली टाकीतलं नायट्रेट कधीच आलं नसतं. शंभर रविवार पाणी बदललं असतं तरी!

मी हे हसत हसत सांगायला स्वयंपाकघरात गेले. तिथे काकू छकुलीची बाटली करत होती. छकुली म्हणजे माझी चुलत बहीण, तेव्हा चार महिन्यांची. काकूचं दूध पुरत नव्हतं म्हणून दिवसातून दोनदा पावडरचं दूध चालू होतं. गॅसवर पाणी उकळत होतं. तेच बोअरचं पाणी.

माझं हसू तिथेच थांबलं.

बाबांनी लगेच आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं ते असं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होऊ शकतं. मग रक्ताला ऑक्सिजन नीट वाहून नेता येत नाही आणि बाळ निळसर पडू शकतं. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्याशी या आजाराचा संबंध दाखवून दिला होता. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. जंतू मरतात, पण वाफ उडून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं! आमच्या घरी जंतू मारणाऱ्या अतिनील दिव्याचं यंत्र होतं. त्याचाही इथे उपयोग नव्हता.

काकू एकदम खालीच बसली. छकुलीला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. ती ठणठणीत होती आणि डॉक्टरांच्या चष्म्याची काडी ओढत होती. पण पावडरीच्या दुधाला ते पाणी वापरायचं नाही, असं त्यांनी बजावलं. “माशांच्या पेटीवर विसंबू नका, पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या,” असंही म्हणाले.

आठ दिवसांनी अहवाल आला. नायट्रेट लिटरला ६२ मिलिग्रॅम. आपल्या देशात पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादा आहे ४५. बाबांनी तो कागद सोसायटीच्या सूचनाफलकावर लावला. आमच्या इमारतीत आणखी दोन तान्ही बाळं आहेत.

बोअरमध्ये हे आलं कुठून, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. नायट्रेट शेतातल्या खतांतून झिरपतं, तसं शोषखड्ड्यांतूनही झिरपतं. आमच्या मागे द्राक्षबागा आहेत आणि सोसायटीचा शोषखड्डाही आहे. आजोबा बराच वेळ गप्प होते. त्यांनी चाळीस वर्षं शेती केली. मग म्हणाले, “युरियात शंभरातले ४६ भाग नत्र असतं. पिकाला लागेल तेवढंच ते घेतं. पण आम्ही म्हणायचो, अजून दोन मुठी टाक, जोमाने वाढेल. उरलेलं कुठे जातं, हे कोण बघतंय? तुझ्या माशांच्या खाण्यासारखंच झालं की गं!”

आता दर शनिवारी आम्ही शहरातल्या मावशीकडून दोन कॅन पाणी आणतो. तिच्याकडे महापालिकेचं, गंगापूर धरणाचं पाणी येतं. ते आधी मी नळीत तपासलं. फिकट पिवळं! क्लोरीन घालवायचे थेंब टाकून मगच त्यात मीठ मिसळते. टाकीच्या मागच्या कप्प्यात एक शैवालही वाढवलंय, हिरव्या केसांच्या गुंतवळासारखं. छोट्या दिव्याखाली ते नायट्रेट खाऊन वाढतं. दर पंधरा दिवसांनी मूठभर कापून टाकलं की त्याने खाल्लेलं नायट्रेटही टाकीबाहेर जातं. ही आमची घंटागाडी! पिण्यासाठी आणि छकुलीसाठी आता घरात आर.ओ. यंत्र आहे. त्यातून निघालेलं पाणीही मी तपासते. यंत्र आहे म्हणून डोळे मिटायचे नाहीत.

अडीच महिन्यांनी नळी नारिंगी झाली. गेल्या रविवारी पिवळसर. पट्टीवर १०. शाई दगडामागून बाहेर आला आहे आणि पूर्वीसारखाच केशरच्या मागे लागून तिला सतावतो. आजी अजूनही पूजा झाली की टाकीसमोर उभी राहते. पण आता रिकाम्या हाताने.

“बघत असतात गं तोंड वासून,” ती म्हणते.

“बघू देत,” मी म्हणते आणि वहीत तारीख लिहून नळी हलवायला लागते.