धनेशाचं दार, शेकरूची वाट

आमची बालवाडी आंबोली घाटाच्या पायथ्याशी आहे. वर आंबोलीत वर्षाला सुमारे 7000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्या पावसावर पोसलेलं सदाहरित रान मुलांच्या परसामागूनच सुरू होतं. वर्गातल्या तक्त्यावर मात्र सिंह, जिराफ आणि झेब्रा. मुलांनी शेकरू घराजवळच्या झाडांवर कितीदा पाहिलेलं असायचं, पण ‘प्राण्यांची नावं सांगा’ म्हटलं की शेकरूचं नाव कुणी घ्यायचं नाही. तक्त्यावर नाही तो प्राणीच नाही, असं त्यांना वाटू लागलं होतं. याची मला फार रुखरुख लागली आणि आपलं वर्षावन वर्गात आणायचं मी ठरवलं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं वापरली. तीच वाट मी धरली. त्यात स्वतःचा एक नियम घातला: प्राण्याचं नुसतं चित्र करायचं नाही, तो जे करतो ते आपण करून बघायचं. मुखवटे, रंगकाम मुलांना आवडतंच. पण त्यातून प्राण्याचा रंग कळतो, त्याचं जगणं कळत नाही.

सुरुवात पावसाळ्यातच झाली, मलबारी उडत्या बेडकापासून. हा हिरवा बेडूक पायांच्या बोटांमधले पडदे पसरून झाडावरून तरंगत खाली येतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मादी मागच्या पायांनी फेस घुसळून घरटं करते आणि अंडी त्या फेसात राहतात. आम्ही रिठे भिजवले, रवीने फेस काढला, त्यात भिजलेला साबुदाणा मिसळला आणि तो गोळा फणसाच्या पानावर ठेवून पान परातीतल्या पाण्यावर टांगलं. थोड्या वेळाने फेस बसू लागला. ‘बेडकाचो फेस कसो रवता?’ एका मुलीने विचारलं. त्याचा फेस बाहेरून सुकतो, आतून ओला राहतो, असं मी सांगितलं. मग झारीने पाऊस पाडला. साबुदाणे टपटप परातीत पडले आणि पिल्लं पाण्यात कशी उतरतात ते सगळ्यांना कळलं. त्या आठवड्यात शाळेमागच्या डबक्यावर खरी घरटी दिसली. हात लावायचा नाही, हे मला सांगावं लागलं नाही. ‘आत साबुदाणे आसत,’ मुलंच एकमेकांना बजावत होती.

दिवाळीनंतर शेकरू घेतलं. ही मोठी खार शक्यतो जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत ती हिंडते आणि उंचावर काटक्या-पानांचं घरटं बांधते. आम्ही खिडकीच्या गजापासून फळ्याच्या खुंटीपर्यंत दोऱ्या बांधल्या, त्यांना आंब्याचे, जांभळीचे टहाळे अडकवले. पुठ्ठ्याचं शेकरू जमिनीला न लागता वर्गाच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायचं, हा खेळ. मुलांचा हात बसल्यावर मी मधली एक दोरी सोडली. शेकरू अडलं. मुलं आधी ओरडली, मग स्वतःच दुसऱ्या टहाळ्याने फट जोडायला धावली. रानातून रुंद रस्ता काढला, मधली झाडं तोडली, की शेकरूची वाट तुटते, हे पाच वर्षांच्या मुलाला यापेक्षा स्पष्ट मला सांगता आलं नसतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये धनेशाची वीण सुरू होते, म्हणून त्याची पाळी शेवटी. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. उरते फक्त एक फट. तिथून नर तिला फळं भरवतो. आम्ही मोठ्या खोक्याची ढोली केली, तोंड मातीने लिंपलं. एक मूल आत, बाकीची नर होऊन चिमट्याच्या चोचीने मातीची उंबरं आत देणार. ‘बाई, नर इलोच नाय तर?’ आत बसलेल्या मुलाने विचारलं. वर्ग गप्प झाला. तो आला नाही तर मादी-पिल्लांचे हाल होतात, मी खरं तेच सांगितलं. त्यावरून बोलणं पुढे गेलं: वड, उंबर उरले तरच त्याला फळं मिळणार आणि जुनी जाड झाडं उरली तरच ढोली मिळणार. धनेश बिया दूरवर टाकतो, त्यातून पुन्हा झाडं उगवतात, हे सांगितल्यावर मुलांनी आपणहून उंबराच्या बिया कुंडीत पेरल्या.

त्यानंतर ‘प्राणी सांगा’ म्हटलं, की पहिलं नाव शेकरूचं येऊ लागलं. पालकही सांगू लागले, की रानातून जाताना पोरं वर बघतात, ढोली शोधतात. माझ्या बालवाडीताईंना माझं आग्रहाचं सांगणं आहे: आपल्या गावाजवळचा एक प्राणी निवडा. तो राहतो कुठे, खातो काय, फिरतो कुठून, हे आधी स्वतः नीट जाणून घ्या आणि तेवढंच मुलांकडून करून घ्या. ज्याचं घर मुलाने स्वतःच्या हाताने लिंपलं, त्या प्राण्याची काळजी घ्यायला त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.