एफ खरा, टी पण खरा

दोन लेन्स. दोन्हींवर एफ/२.८, आयएसओ तोच, शटर तेच, भिंतही तीच. तरी झूमचा फोटो प्राइमपेक्षा जरा काळपट! लग्नाचे फोटो काढणारा एक मित्र मला हे दाखवून म्हणाला, "दुकानदाराने गंडवलं रे, परत करतो." म्हटलं, थांब जरा.

एफ नंबर म्हणजे निव्वळ भूमिती. फोकल लेंग्थ भागिले पुढून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. ५० मिमीच्या लेन्सला २५ मिमीचं छिद्र, की झालं एफ/२. मधली काच किती प्रकाश खाते, याचा त्यात हिशोबच नाही.

आणि काच खातेच. कोटिंग नसलेल्या साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश मागे परततो. झूममध्ये सुटी १५ भिंगं असतील तर पृष्ठभाग झाले ३०. ०.९६ चा ३० वा घात काढा... जेमतेम २९ टक्के! झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये कोटिंग शोधलं, त्याची ही कृपा. तोटा दर पृष्ठभागी अर्ध्या टक्क्यावर आणला, तर ८६ टक्के प्रकाश पोचतो. पण १०० नाहीच.

म्हणून सिनेमावाले टी-स्टॉप वापरतात. एफ नंबर भागिले पोचणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणाचं वर्गमूळ. ८० टक्के प्रकाश सोडणारी एफ/२.८ म्हणजे टी ३.१, एक तृतीयांश स्टॉपचा तोटा. सोनीची १०० मिमी एसटीएफ तर एफ/२.८ असून टी ५.६ आहे! मागची धूसरता मऊ यावी म्हणून तिच्यात कडेकडे गडद होत जाणारा फिल्टर मुद्दामच बसवलाय.

एरवी आपल्याला हे कळत नाही, कारण कॅमेरा लेन्समधून आलेलाच प्रकाश मोजतो आणि शटर गुपचूप हळू करतो. मॅन्युअलवर गेलं की बिंग फुटतं. मित्राला सांगितलं, झूम लावलीस की आयएसओ एक क्लिक वाढव. लेन्स राहिली.

बाकी, नवीन लेन्स घेणाऱ्यांसाठी एक हिशोब. एफ/१.८ आणि एफ/१.४ मध्ये कागदावर साधारण पाऊण स्टॉपचा फरक. पहिली ९५ टक्के आणि दुसरी ८० टक्के प्रकाश सोडत असेल, तर हातात उरतो अर्धा स्टॉप. पार्श्वभूमी जास्त धूसर हवी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे एफच चालतो. पण नुसत्या उजेडासाठी घेत असाल, तर त्या अर्ध्या स्टॉपचे हप्ते किती महिने भरायचे ते आधी ठरवा.