हवेचं खोटं माप

अब्बांनी उभी हयात पद्मिनी टॅक्सीच्या कार्बोरेटरवर काढली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या त्या गाड्या आमच्या गोरेगावच्या गॅरेजात यायच्या. मी टायरवर बसून गृहपाठ करायचो. अब्बा एका हाताने स्क्रू फिरवत, मान वाकडी करून ऐकत, मग प्लग काढून उजेडात धरत. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळा म्हणजे जास्त, भुरा म्हणजे जमलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. गॅरेज तोवर धाकट्या भावाकडे आलं होतं.

कार्बोरेटरमध्ये हवा स्वतःच पेट्रोल ओढून घेते. इंजेक्शनच्या गाडीत मोजणारा वेगळा, ओतणारा वेगळा. हवेच्या नळीत एक तापलेली तार असते. हवा लागली की ती गार होते. तिला पुन्हा तितकंच गरम ठेवायला किती वीज लागली, त्यावरून कंप्युटरला हवेचं वजन कळतं. मग साधारण १४.७ ग्रॅम हवेला १ ग्रॅम पेट्रोल, या हिशेबाने तो इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो.

धाकट्याने एक जुनी टर्बो गाडी घेतली आणि तिची ताकद वाढवायचं मनावर घेतलं. मोठे इंजेक्टर आणले. कंप्युटरचा नकाशा नव्याने लिहून घ्यायला पैसे उरले नव्हते. मग त्याने जुनीच युक्ती केली: हवेच्या मीटरची ६० मिलिमीटरची नळी काढून ७०ची बसवली, तार तीच ठेवली. नळीचं तोंड ३६ टक्क्यांनी मोठं झालं, म्हणून तारेवरची हवा मंदावली. १०० ग्रॅम हवा गेली तरी तार ७३-७४च सांगणार. कंप्युटर इंजेक्टर तितकाच कमी वेळ उघडणार. पण इंजेक्टरही ३६ टक्के मोठे, म्हणजे पेट्रोल बरोब्बर पडणार.

मी इन्स्ट्रुमेंटेशनमधला माणूस. त्याने मला बोलावलं, मी स्कॅनर लावला. चालत्या गाडीत मिश्रणाची दुरुस्ती शून्याच्या आसपास. गाडी उभी असताना मात्र उणे ११. मोठ्या इंजेक्टरला उघडायला लागणारा वेळ जुन्यापेक्षा वेगळा असतो आणि मंद गतीवर तो फरक उघडा पडतो, हे मला माहीत होतं. तरी म्हणालो, ‘चालेल.’ हा शब्द मला आजही टोचतो.

ईदला अम्मीला घेऊन चिपळूणला जायचं ठरलं होतं. त्याआधी हायवेवर एक फेरी मारू म्हणून निघालो. अब्बा मागे बसले होते. जोगेश्वरीच्या पुढे धाकट्याने पाय दाबला आणि अब्बा म्हणाले, ‘फुटाणे भाजतायत. पाय काढ.’ मला काहीच ऐकू आलं नव्हतं. धाकटा हसला. परतीच्या वाटेवर पिकअप गेला आणि मागून निळा धूर निघू लागला. इंजिन उघडलं तर तिसऱ्या पिस्टनची कड तुटलेली.

गोम अशी की हवेचा तो आकडा कंप्युटर फक्त पेट्रोलसाठी वापरत नाही. इंजिनवर भार किती, हेही तो त्यावरूनच ठरवतो. भार कमी दिसला की ठिणगी लवकर टाकतो. त्या गाडीत तर भार भरून काढायला टर्बोला आणखी हवा ढकलायला सांगतो. आम्ही एक खोटं सांगून पेट्रोल जमवलं आणि तेच खोटं ठिणगीच्या वेळेला नडलं. नॉक सेन्सरने ठिणगी मागे ओढायची धडपड केलीही असेल, पण पुरलं नाही. स्कॅनरवर ठिणगीचा रकाना होता. मी तो पाहिलाच नाही. मी मिश्रण तपासायला गेलो होतो, मिश्रण बरोबर निघालं आणि मी खूश झालो.

अब्बा आम्हा दोघांना काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. चिपळूणला आम्ही एसटीने गेलो.

दुरुस्तीला चार महिने लागले, त्यातले तीन पैसे जमवण्यात गेले. निम्मे मी दिले. आता मूळची नळी परत लावली आहे. इंजेक्टर मोठेच ठेवले, पण त्यांचा प्रवाह आणि उघडण्याचा वेळ कंप्युटरमध्ये खरा लिहून घेतला. पहिल्या दिवशी मी लॅपटॉपवर ठिणगीचा रकाना धरून बसलो होतो. अब्बांनी गाडी थांबवायला लावली, पाना मागितला, तिसरा प्लग काढला आणि चष्मा वर सारून बराच वेळ उजेडात धरला.

‘पुन्हा लाव,’ म्हणाले, ‘आणि चढावर घे.’